खानदेशचा कलावारसा : वास्तू जुन्या, विद्यापीठ नवे

खानदेशच्या सांस्कृतिक इतिहासात ३१ डिसेंबर या तारखेची नोंद दोनदा झाली आहे. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे निधन झाले. ३१ डिसेंबर १९८९ रोजी चाळीसगाव येथे छायाचित्रकार आणि चित्रकार कैखुश्रू माणेकजी मूस, म्हणजेच केकी मूस, यांची प्राणज्योत मालवली. दोघेही जन्माने खानदेशचे नव्हेत. राजवाडे कोकणातले, तर मूस मुंबईच्या मलबार हिलवर जन्मलेले. पत्नीच्या अकाली निधनानंतर राजवाडे पुन्हा बोहल्यावर चढले नाहीत. मूस अखेरपर्यंत अविवाहित राहिले. दोघांनीही मागे ठेवला तो फक्त संग्रह.

राजवाडे गेल्यानंतर धुळेकरांनी वेळ दवडला नाही. १९२७ मध्येच त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांनी जमविलेल्या कागदपत्रांना छप्पर मिळाले. मूस यांच्या पश्चात त्यांचा बंगला आणि त्यातील कलाकृती न्यासाच्या माध्यमातून जपल्या गेल्या. मूस यांच्या निधनानंतर साडेसात महिन्यांनी, १५ ऑगस्ट १९९० रोजी, जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या उच्च शिक्षणाची सूत्रे या विद्यापीठाकडे आहेत.

संग्रह आधी आले आणि विद्यापीठ नंतर आले, हा क्रम नीट लक्षात घेतला पाहिजे. कारण खानदेशात विद्यापीठाचे कलादालन असावे, तेही एखाद्या ऐतिहासिक वास्तूत असावे, असा विचार जेव्हा केव्हा होईल, तेव्हा पहिला प्रश्न जागेचा निघेल, आणि उत्तर बांभोरीच्या परिसरात सापडणार नाही. ते चाळीसगावच्या दगडी बंगल्यात आणि धुळ्याच्या संशोधन मंडळात शोधावे लागेल.

वारसा मिळालेली आणि न मिळालेली विद्यापीठे

महाराष्ट्रातील जुन्या विद्यापीठांना वास्तूंचा वारसा आपोआप मिळाला. मुंबई विद्यापीठाच्या फोर्ट संकुलातील दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवरचे ग्रंथालय ही व्हिक्टोरियन गॉथिक शैलीची उदाहरणे. २०१८ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूह जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा त्या इमारतीही त्यात होत्या. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि त्याला गव्हर्नरचे जुने निवासस्थान मिळाले. त्या इमारतीचा मनोरा पुढे विद्यापीठाची ओळखच बनला. सर ज. जी. कला महाविद्यालयाची स्थापना १८५७ ची, वास्तू १८७८ ची. २०२३ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, तेव्हा दीड शतकाचा कलासंग्रह आणि इमारत दोन्ही त्याच्या हाती होत्या.

खानदेशच्या विद्यापीठाच्या वाट्याला असे काही आले नाही. पुणे विद्यापीठातून वेगळे होताना त्याला मिळाली ती गिरणेच्या काठाजवळची उघडी, खडकाळ टेकाडे. त्यावर झाडे लावून, पाणी अडवून परिसर हिरवा करण्यात आला, हे या विद्यापीठाचे श्रेय मोठे आहे. तथापि, तेथील प्रत्येक भिंत १९९० नंतरची आहे. विद्यापीठाला इतिहास हवा असेल तर त्याला आपल्या फाटकाबाहेर पडावे लागेल.

याला आधार नाही असेही नाही. अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिराची स्थापना केली. साने गुरुजींसारखा विद्यार्थी तेथे राहून गेला. ती संस्था प्रताप तत्त्वज्ञान केंद्र या नावाने विद्यापीठाशी जोडली गेली आहे. म्हणजे मुख्य परिसरापासून दूर असलेली, खाजगी दानातून उभी राहिलेली जुनी संस्था विद्यापीठाच्या शैक्षणिक कक्षेत येऊ शकते, हे खानदेशने पाहिलेले आहे. तत्त्वज्ञानाच्या बाबतीत जे झाले, ते कलेच्या बाबतीत का होऊ नये, हा प्रश्न रास्त ठरतो.

चाळीसगाव : दंतकथेआड गेलेला कलावंत

चाळीसगाव रेल्वे स्थानकापासून जवळच मूस यांचा दगडी बंगला आहे. त्याला त्यांनी नाव दिले 'रेम्ब्रां रिट्रीट'. डच चित्रकार रेम्ब्रां हा छायाप्रकाशाचा जादूगार आणि मूस त्याचे भक्त. इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेऊन १९३८ च्या सुमारास ते परतले आणि नंतरची सुमारे पन्नास वर्षे या घराबाहेर क्वचितच पडले. या काळात त्यांनी छायाचित्रे काढली, चित्रे रंगविली, शिल्पे घडविली, लाकूडकाम आणि कागदकाम केले, संगीताचा व्यासंग केला.

मूस यांच्याविषयी सर्वाधिक सांगितली जाते ती एक प्रेमकथा. मुंबईची प्रेयसी पंजाब मेलने येईल या आशेवर ते रोज रात्री दिवा आणि जेवण तयार ठेवून वाट पाहत, ती आली नाही, अशी ही कथा. ऐकणाऱ्याच्या मनाला ती चटका लावते. वृत्तपत्रांतून, दिवाळी अंकांतून ती पुन्हा पुन्हा येते. तिच्या खरेखोटेपणाचा निवाडा करण्याचे येथे कारण नाही. मात्र या कथेने एक नुकसान केले आहे. बंगला पाहायला येणारा माणूस कथा ऐकून हळवा होतो आणि भिंतीवरचे छायाचित्र घाईने पाहून परततो. मूस हा वाट पाहणारा माणूस म्हणून लक्षात राहतो. काम करणारा कलावंत म्हणून नाही.

वास्तविक त्यांच्या कामातील एक दालन भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासात स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. ते म्हणजे टेबलटॉप छायाचित्रण. घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, दिव्यांची योजना करायची आणि कॅमेऱ्यातून असे दृश्य टिपायचे, की पाहणाऱ्याला तो खराखुरा निसर्ग किंवा खरीखुरी वसाहत वाटावी. संगणकावर चित्र जुळविण्याची सोय नसलेल्या काळातली ही करामत. ज्याने घराचा उंबरठा ओलांडायचा नाही असे ठरविले, त्याने जग टेबलावर मांडले, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

अशा कामाचे जतन साध्या तसबिरीच्या जतनापेक्षा अवघड असते. टेबलटॉप छायाचित्राच्या बाबतीत कलाकृती म्हणजे फक्त चौकटीतला छाप नव्हे. मूळ निगेटिव्ह, त्यावरून काढलेले वेगवेगळे छाप, मांडणीसाठी वापरलेल्या वस्तू, कॅमेरा, दिवे, टिपणे, आणि ज्या खोलीत हे घडले ती खोली, हे सारे मिळून ती कलाकृती पुरी होते. म्हणूनच हा संग्रह उचलून दुसऱ्या शहरातील वातानुकूलित दालनात नेऊन ठेवणे हा त्यावरील उपाय होऊ शकत नाही. वास्तू आणि वस्तू येथे एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

धुळे : कागदांचे शहर

धुळ्याची गोष्ट वेगळी आहे. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने बावीस खंडांतून प्रसिद्ध केली. पहिला खंड १८९८ चा. वाड्यांच्या माळ्यावर, देवघराच्या कोनाड्यात, वाळवी लागलेल्या पेट्यांत पडलेले कागद गावोगाव हिंडून गोळा करणारा हा माणूस. पुण्यात १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता. आयुष्याची अखेर मात्र धुळ्यात झाली आणि त्यांचे संचित धुळ्याचे झाले. राजवाडे संशोधन मंडळाकडे हस्तलिखिते आणि मोडी दस्तऐवजांबरोबरच नाणी, मूर्ती व चित्रे असा वस्तुसंग्रह आहे. त्याच शहरात शंकर श्रीकृष्ण देव यांच्या परिश्रमातून उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिर आहे. समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून मिळवून तेथे एकत्र करण्यात आली.

या दोन संस्थांकडे आजवर इतिहास आणि संतसाहित्याचे भांडार म्हणून पाहिले गेले. ते योग्यच आहे. परंतु हस्तलिखित ही वाचण्याची वस्तू आहे तशी पाहण्याचीही आहे. अक्षराचे वळण, समासातील वेलबुट्टी, बांधणी, कागद, शाई यांचा कलेच्या अंगाने अभ्यास व्हायला हवा. मूर्तींचेही तेच. खानदेशातील यादवकालीन मंदिरांची शिल्पे गावोगाव विखुरलेली असताना धुळ्यातील संग्रह हा त्या अभ्यासाचा हाताशी असलेला प्रारंभबिंदू ठरू शकतो.

खानदेशाला दृश्यकलेची परंपरा नाही, हा समज तसा खूप जुना आहे. कापूस, केळी आणि सोने यांपलीकडे या प्रांताची ओळख जात नाही. वस्तुस्थिती निराळी आहे. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, तेव्हा तेथील नगराच्या सजावटीसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलाविले होते. बांबू आणि गावात मिळणाऱ्या साहित्यातून त्यांनी ती उभी केली. हेच नंदलाल त्यापूर्वी पाव शतक आधी, लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूतून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी या भागात येऊन गेले होते. धुळ्याला लागून असलेल्या गोंदूर गावात १९२५ मध्ये जन्मलेले राम सुतार १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्याच्या सेवेत राहून अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या दुरुस्तीचे काम करीत होते. सरदार पटेल यांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा साकारणाऱ्या या शिल्पकाराचे डिसेंबर २०२५ मध्ये वयाच्या शंभरीत निधन झाले. त्यांचा मोठा पुतळा पाहायला लोक गुजरातेत जातात. गोंदूरचा मुलगा तिथवर कसा पोहोचला, हे धुळ्यातल्या विद्यार्थ्याला एका जागी पाहता यावे, ही अपेक्षा फार मोठी नव्हे.

जळालेल्या चित्रांचा धडा

संग्रह असणे आणि संग्रह टिकणे यांत अंतर असते. ते किती असते, हे अजिंठ्याइतके कोणी सांगू शकणार नाही. अजिंठा आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात मोडत असला तरी त्याचा उंबरठा जळगावच आहे.

मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून जवळपास दोन दशके अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या मोठ्या नकला केल्या. त्या लंडनला पाठविण्यात आल्या आणि १८६६ मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जवळपास सर्व भस्मसात झाल्या. त्यानंतर ज. जी. कला महाविद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हे काम पुन्हा आरंभिले. तेरा वर्षांच्या श्रमांतून झालेल्या नकलाही लंडनला गेल्या, आणि १८८५ मध्ये साऊथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयातील आगीने त्यांचाही मोठा भाग गिळला. गिल यांचा मृत्यू १८७९ मध्ये भुसावळला झाला. त्यांची कबर तेथेच आहे. आयुष्यभराच्या कामाची राख झालेली पाहून हा माणूस जळगाव जिल्ह्याच्या मातीत विसावला.

या दोन आगींतून वाचले काय? गिल यांनी स्वतः काढलेली छायाचित्रे वाचली. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध केलेले दोन खंड वाचले. म्हणजे वस्तू गेली तरी तिची नोंद राहिली. आज अजिंठ्याच्या भिंतीवरून जो रंग उडाला आहे, तेथे पूर्वी काय होते हे सांगण्यास या नोंदीच उपयोगी पडतात. धडा दुहेरी आहे. संग्रह दूर नेला म्हणजे तो सुरक्षित झाला असे नाही. आणि ज्या वस्तूची पद्धतशीर नोंद नाही, ती हरवली तर काय हरवले हेही कळत नाही.

आग ही एका रात्रीत येते. उन्हाळा दर वर्षी येतो. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जूनच्या मध्यावर हवा एकाएकी दमट होते. छायाचित्रांच्या दृष्टीने हा चढउतार सर्वांत घातक. विसाव्या शतकाच्या मध्यापासून वापरात असलेल्या अ‍ॅसिटेट फिल्मचा आधारपदार्थ उष्णता व ओल यांमुळे कुजू लागतो. तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो, फिल्म आक्रसते, वाकते. त्यातून सुटणारे आम्ल पुढचा ऱ्हास आणखी वाढविते आणि त्याच डब्यातील शेजारच्या निगेटिव्हलाही लागण होते. काचेच्या निगेटिव्हवरील थर सुटतो, छापातील चांदी काळवंडते. कागदाला वाळवी आणि कसर, मूर्तीला ओल आणि क्षार. हे सारे हळूहळू, आवाज न करता होते. त्यामुळे त्याची बातमी होत नाही.

विद्यापीठाने करायचे काय?

विद्यापीठांनी कलासंग्रह सांभाळणे ही काही नवी कल्पना नाही. ऑक्सफर्डचे अ‍ॅशमोलियन संग्रहालय १६८३ चे. इलायस अ‍ॅशमोल यांनी आपला संग्रह विद्यापीठाला दिला तो त्यासाठी योग्य इमारत बांधण्याच्या अटीवर. भारतात कलकत्ता विद्यापीठाने १९३७ मध्ये आशुतोष संग्रहालय सुरू केले. खानदेशाला अधिक जवळचे उदाहरण वाराणसीचे आहे. राय कृष्णदास या रसिकाने १९२० मध्ये आपल्या संग्रहातून भारत कला भवन उभे केले आणि १९५० मध्ये ते बनारस हिंदू विद्यापीठाशी जोडले गेले. संग्राहक त्यानंतरही संस्थेशी बांधलेला राहिला. एका माणसाच्या ध्यासाला विद्यापीठाचे दीर्घायुष्य लाभले, ते असे.

मात्र वाराणसीचा कित्ता जसाच्या तसा गिरविणे खानदेशात शक्य नाही आणि इष्टही नाही. तेथे संग्रह विद्यापीठाच्या आवारात गेला. येथे विद्यापीठाने संग्रहाच्या दारी जावे लागेल. मालकी न्यासाची आणि मंडळाची, वास्तू त्यांचीच, वस्तू जागच्या जागी. विद्यापीठाने आणायचे ते मनुष्यबळ, शास्त्र आणि सातत्य. मुंबईतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाचे पुनरुज्जीवन याच पद्धतीच्या भागीदारीतून झाले. २००३ मध्ये मुंबई महापालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा खुले झाले. इमारत महापालिकेचीच राहिली. कामाची जबाबदारी वाटून घेतली गेली.

कायद्याच्या दृष्टीनेही हाच मार्ग सुकर आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकणे, बक्षीस देणे किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देणे यासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शैक्षणिक सहकार्याच्या सामंजस्य करारात मालमत्तेचे हस्तांतर नसल्याने तो प्रश्न उद्भवत नाही. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ मात्र लक्षात ठेवावा लागेल. शंभर वर्षांवरील कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांवरील महत्त्वाची हस्तलिखिते त्याच्या कक्षेत येतात. मूस यांच्या चित्रांवरील स्वामित्वहक्क, मृत्यूनंतर साठ वर्षे या नियमानुसार, २०४९ च्या अखेरपर्यंत राहतो. त्यामुळे प्रतिमा कोण छापणार, त्याचे उत्पन्न कोणाला जाणार, हे करारात आधीच स्पष्ट असले पाहिजे. असे मुद्दे आरंभी टाळले की पुढे तंटे होतात.

प्रत्यक्ष कामाचा क्रम ठरविताना मोह आवरावा लागेल. आपल्याकडे कोणत्याही सांस्कृतिक प्रकल्पाची सुरुवात कोनशिलेने होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. येथे सुरुवात सूचीने व्हायला हवी. प्रत्येक वस्तूला क्रमांक, तिचे छायाचित्र, मोजमाप, साहित्य, सध्याची अवस्था आणि ती कोठून आली याची नोंद. चाळीसगाव आणि धुळे येथील संग्रहांची सूची एकाच नमुन्यात झाली तर खानदेशच्या कलेचा पहिला सलग दस्तऐवज तयार होईल. त्यानंतर जतनाचे काम, आणि त्यानंतरच प्रदर्शन.

या कामासाठी लागणारे बळ विद्यापीठाजवळ आहे. रसायनशास्त्र ही या विद्यापीठाची मान्यताप्राप्त बाजू; फिल्म, शाई आणि रंगद्रव्यांच्या ऱ्हासाचा अभ्यास हा तिच्या आवाक्यातला विषय आहे. संगणकशास्त्राचे विद्यार्थी प्रतिमांची संग्रहप्रणाली उभारू शकतात. संलग्न महाविद्यालयांतील इतिहास आणि मराठीचे विद्यार्थी मोडी शिकून नोंदी करू शकतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात क्षेत्रीय प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक मिळू लागले आहेत. हे श्रेयांक मिळविण्यासाठी जागा शोधत फिरणाऱ्या विद्यार्थ्याला चाळीसगावचा बंगला आणि धुळ्याचे मंडळ यांहून चांगली कार्यशाळा कोणती?

निधीचा प्रश्न निघेलच. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक वास्तू आणि कलाकृतींचे जतन हा सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चाचा मान्य विषय आहे. जळगावात पाइप, चटई, डाळ आणि सोन्याच्या व्यवसायातून उभा राहिलेला मोठा उद्योजकवर्ग आहे. २०१२ मध्ये जैन हिल्सवर गांधी तीर्थ उभे राहिले, तेव्हा आधुनिक तंत्राचे संग्रहालय आणि अभिलेखागार या जिल्ह्यात उभारता येते, हे सिद्ध झाले. पैशाच्या आधी हवी आहे ती, दात्याने विश्वास ठेवावा अशी योजना. ती सूचीतून आणि करारातून तयार होते.

शंका रास्त, पण उत्तरे आहेत

या मांडणीला विरोध होईल आणि त्यातील काही आक्षेप वजनदार आहेत. स्थानिक संस्थांना वाटते, की विद्यापीठ आले की समित्या येतील, फायली येतील आणि आपल्या हातून सारे निसटेल. वर्षानुवर्षे पदरमोड करून ज्यांनी संग्रह सांभाळला, त्यांची ही भीती समजून घेण्याजोगी आहे. म्हणूनच मालकी न्यासाची, करार ठरावीक मुदतीचा आणि नियंत्रण समितीत स्थानिकांचे बहुमत, या अटी लेखी असाव्यात. डिजिटल प्रती दोन्हीकडे राहाव्यात, म्हणजे उद्या करार संपला तरी कोणी रिकाम्या हाताने परतणार नाही.

दुसरा आक्षेप विद्यापीठाच्या बाजूने येईल. मंजूर पदे भरण्याची वानवा सर्वच सार्वजनिक विद्यापीठांत असताना कलादालनाचा भार कशासाठी? त्यावर उत्तर असे, की इमारत बांधायची नाही, जमीन घ्यायची नाही. किमान गरज आहे ती एका पूर्णवेळ प्रशिक्षित अभिरक्षकाची. विद्यार्थ्यांच्या भरवशावर सारे सोडणे मात्र धोक्याचे. न शिकलेल्या हाताने केलेली 'साफसफाई' शंभर वर्षांच्या धुळीपेक्षा जास्त हानी करते. त्याचप्रमाणे स्कॅनिंग म्हणजे जतन नव्हे, हेही उमगले पाहिजे. संगणकावरील प्रतही बिघडते, हरवते; मूळ निगेटिव्ह थंड, कोरड्या आणि स्थिर हवेत ठेवणे याला पर्याय नाही.

तिसरा आक्षेप गावागावांतील स्पर्धेचा. जळगावला झाले तर धुळ्याला का नाही, ही खानदेशची जुनी तक्रार. विद्यापीठाचे ठिकाण ठरतानाही ती ऐकू आली होती. येथे ती आपोआप गळून पडते, कारण कलादालन एका गावात नसेल. चाळीसगावात छायाचित्रकला, धुळ्यात हस्तलिखित आणि मूर्ती, जळगावात चौधरी वाड्यातील बहिणाबाईंचे घर. चाळीसगाव आणि धुळे तर रेल्वेच्या फाट्याने शंभराहून अधिक वर्षे जोडलेले आहेत. एका दिवसात दोन्ही ठिकाणे पाहून विद्यार्थी घरी परतू शकतो.

राजवाडे यांच्या निधनाची शताब्दी ३१ डिसेंबर २०२६ ची आणि त्यांच्या मंडळाची शताब्दी २०२७ ची. शताब्दी साजरी करण्याची आपली रीत ठरलेली आहे : प्रतिमापूजन, व्याख्यानमाला, स्मरणिका. ते सारे व्हावे. पण ज्या माणसाने आयुष्यभर वाळवीच्या आधी कागदापर्यंत पोहोचण्याची शर्यत लावली, त्याच्या स्मृतीला साजेसे काम एकच. धुळ्यातील आणि चाळीसगावातील एकेक वस्तू हातात घेऊन, तिला क्रमांक देऊन, तिची नोंद पूर्ण करणे. विद्यापीठाने त्या नोंदवहीचे पहिले पान उघडले, तर कलादालनाची पायाभरणी झालीच म्हणून समजावे. इमारती उभ्या आहेतच.